बुरशीचं विष शोधताना: पोत्यापासून अहवालापर्यंत

धान्यात किंवा पशुखाद्यात बुरशीचं विष किती आहे, हे प्रयोगशाळेत ठरतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते पोत्याजवळच ठरून गेलेलं असतं. यंत्र कितीही महागडं असो, त्याच्यापुढे जेवढं पीठ ठेवाल तेवढ्याचंच ते सांगणार. ते पीठ ज्या दाण्यांचं आहे ते दाणे नीट उचलले नसतील, तर अहवालावरचा आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत छापलेला असला तरी त्याला अर्थ नाही. म्हणून या लेखात मी नमुना घेण्यावर मुद्दाम जास्त वेळ काढणार आहे. यंत्रांची माहिती कुठेही मिळते, नमुन्याचा विषय मात्र बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकला जातो.

पशुखाद्याचा कच्चा माल घेणारे, दुभती जनावरं सांभाळणारे, धान्य साठवणारे आणि या विषयावर पहिलाच प्रकल्प हाती घेतलेले विद्यार्थी, अशा सगळ्यांना धरून लिहिलं आहे. ज्याला जी पायरी लागू नाही ती त्याने सोडून पुढे जावं. नमुन्याची मात्र कुणी सोडू नये.

पायरी १: शोधायचं काय ते ठरवा

बुरशी शेकडो विषारी द्रव्यं (मायकोटॉक्सिन) तयार करते, पण अन्नात आणि खाद्यात नियमित तपासली जातात ती मोजकीच. 'मायकोटॉक्सिन तपासून द्यावे' एवढंच लिहून नमुना पाठवला, तर प्रयोगशाळा आपल्या सोयीची चाचणी करते आणि तुमचा प्रश्न तसाच राहतो. पीक कोणतं, ते वाढत असताना हवामान कसं होतं आणि खाणार कोण, या तीन गोष्टींवरून यादी करा.

शेंगदाणा, मका, सरकी किंवा त्यांची पेंड असेल तर अफ्लाटॉक्सिन सर्वांत आधी. ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ते तयार करतात. उभ्या पिकाला पाण्याचा ताण बसला आणि त्यात उष्णता वाढली की त्यांचं फावतं. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियात मक्यातून गायींमार्फत दुधापर्यंत अफ्लाटॉक्सिन पोचलं, ते याच वाटेने. फ्युझेरियम या बुरशींच्या गटाचं गणित वेगळं. गव्हाच्या फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की डिऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे डॉन, आणि झिअरॅलेनोन यांची शंका घ्यावी. मक्याच्या कणसाला अळीने पोखरलं असेल तर फ्युमोनिसिन यादीत हवंच. ऑक्रॅटॉक्सिन ए धान्य, कॉफी, बेदाणे अशा मालात सापडतं आणि वाळवणीत किंवा साठवणीत झालेला हलगर्जीपणा त्याच्या पथ्यावर पडतो. सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन.

आता खाणारा कोण? फ्युमोनिसिनने घोड्याचा मेंदू खराब होतो आणि डुकराच्या छातीत पाणी साठतं. डॉनमुळे डुक्कर खाणंच टाकतं, तर झिअरॅलेनोन शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागून त्यांच्या प्रजननात गोंधळ घालतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव डॉन आणि ऑक्रॅटॉक्सिनचा बराचसा भाग मोडून टाकतात, म्हणून गायी त्याला बऱ्यापैकी पुरून उरतात. अफ्लाटॉक्सिनला मात्र नाही. पक्ष्यांमध्ये टर्की आणि बदकाची पिल्लं फार नाजूक. १९६० मध्ये इंग्लंडात १ लाखाहून जास्त टर्की मेल्या, कारण सापडेना म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' असं नाव पडलं, आणि माग काढत गेल्यावर तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी जाऊन थांबला. अफ्लाटॉक्सिनचं संशोधन सुरू झालं ते तिथून.

पायरी २: डोळ्यांवर आणि आचेवर विसंबू नका

बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असं नाही, आणि दिसली नाही म्हणजे नसेल असंही नाही. विष तयार करून बुरशी मरून जाते, माल वाळतो, चाळला जातो, चकचकीत दिसतो, विष मात्र आतच राहतं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली मक्यात दिसणारी हिरवट-पिवळी चमक ही तर अफ्लाटॉक्सिनची नव्हेच. ती बुरशीच्या कोजिक आम्लापासून तयार झालेल्या वेगळ्याच पदार्थाची. संशयित लॉट बाजूला काढायला दिवा ठीक, निर्णय द्यायला नाही.

दुसरा भ्रम शिजवण्याचा. शुद्ध अफ्लाटॉक्सिन मोडायला २३० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं, पाणी उकळतं १०० अंशाला. भाजण्याने काही प्रमाण घटतं, पण त्याच्या भरवशावर वाईट माल खपवता येत नाही. १९७४ मध्ये पश्चिम भारतात बांसवाडा आणि पंचमहाल भागातल्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडली होती. २००४ मध्ये केनियात पुन्हा तेच झालं: ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. तो मकाही लोकांनी शिजवूनच खाल्ला होता.

पायरी ३: नमुना

विष लॉटमध्ये सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्यातच ते खच्चून भरलेलं असतं. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात प्रतिकिलो १० लाख मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद १९६० च्या दशकातच झाली आहे. हा आकडा नुसता वाचून सोडू नका, हिशेब करून बघा.

असा एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झालं. तो २५ किलोच्या पोत्यात पडला आणि बाकी सगळे दाणे निर्मळ असले, तरी पोत्याची सरासरी येते प्रतिकिलो २० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० पीपीबी. अमेरिकेत माणसांच्या अन्नासाठी कारवाईची जी मर्यादा आहे नेमकी तेवढी. आता त्याच पोत्यातून तुम्ही अर्धा किलो शेंगदाणे काढले. तो दाणा तुमच्या हाती लागण्याची शक्यता पन्नासात एक. लागला तर अहवाल येईल १००० पीपीबी, नाही लागला तर शून्य. खरं उत्तर २०, आणि तुम्हाला मिळणार एकतर हजार नाहीतर शून्य. यंत्राची यात काहीच चूक नाही. एकाच लॉटचे दोन अहवाल जुळले नाहीत की माल देणारा आणि घेणारा दोघेही प्रयोगशाळेला बोल लावतात. माझ्या मते अशा दहातल्या नऊ भांडणांचं मूळ वखारीत असतं.

उपाय एकच: पुष्कळ ठिकाणांहून थोडं थोडं घ्या आणि एकूण जास्त घ्या. तृणधान्यांसाठी युरोपीय संघाच्या नियमांतला हिशेब वापरायला सोपा आहे. ५० किलोपर्यंतच्या लॉटमधून ३ ठिकाणचे उपनमुने, मिळून १ किलो. १ ते ३ टनांसाठी २० उपनमुने, २ किलो. ३ ते १० टनांसाठी ४० उपनमुने, ४ किलो. २० टनांच्या पुढे १०० उपनमुने, १० किलो. प्रत्येक उपनमुना साधारण १०० ग्रॅमचा, अगदी लहान लॉटमध्ये किलो भरेल इतका मोठा. शेंगदाण्यासारख्या मोठ्या दाण्याच्या मालाला याहून जास्त लागतं, मोठ्या लॉटसाठी २० किलोपर्यंत. कारण दाणा जितका मोठा, तितके एका किलोत दाणे कमी आणि तितका नशिबाचा भाग जास्त.

प्रत्यक्ष काम करताना सर्वांत चांगली वेळ म्हणजे माल हलत असतानाची. पट्ट्यावरून किंवा नळीतून पडत असलेल्या धारेत ठरावीक अंतराने भांडं आडवं फिरवा आणि धारेची पूर्ण रुंदी पकडा, फक्त कडेची नको. माल पोत्यांत असेल तर लांब पोकळ टोकदार नळी पोत्यात तिरकी, तळापर्यंत खुपसा. वरच्या थरातून मूठभर उचललेला माल म्हणजे नमुना नव्हे. थप्पीतली कोणती पोती उघडायची ते आधी कागदावर ठरवा, नाहीतर हाताशी असलेली पुढची ओळच तपासली जाते. आणि माल दाखवणाऱ्याने काढून ठेवलेली पोती तर कधीच घेऊ नका. ट्रकमधल्या सुट्या मालात मधोमध, चारी कोपऱ्यांत आणि वेगवेगळ्या खोलीवर नळी घाला. ओला पट्टा, किडीची जागा किंवा गुठळ्या दिसल्या तर त्याचा वेगळा नमुना घ्या आणि वेगळी चिठ्ठी लावा. तो मुख्य नमुन्यात मिसळलात तर दोन्हींचा अर्थ गेला.

नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा. ओलसर माल प्लॅस्टिकमध्ये बांधून दोन दिवस उन्हातल्या गाडीत राहिला तर बुरशी वाटेतच वाढते आणि प्रयोगशाळेला तुमच्या लॉटऐवजी तुमची पिशवी तपासावी लागते. मुरघासासारखा ओला माल गोठवून पाठवा. पिशवीवर लॉट क्रमांक, तारीख, उपनमुने किती आणि कुणी घेतले, हे त्याच वेळी लिहा. एक भाग सीलबंद करून स्वतःकडे थंड, कोरड्या जागी राखून ठेवा. वाद झाला तर तोच कामी येतो.

पायरी ४: आधी सगळं दळा, मग भाग पाडा

इथे घाई होते. १० किलोंचा नमुना आला की त्यातले २०० ग्रॅम दाणे काढून दळायचा मोह होतो, आणि मागच्या पायरीची सगळी मेहनत वाया जाते. पूर्ण नमुना दळा, नीट ढवळा, मग विभाजकाने भाग पाडून चाचणीपुरता घ्या. पीठ १ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक असावं. जास्त तेलाच्या दाण्यांचा लगदा होतो आणि दळायचं जातं अडकतं, अशा वेळी पाणी घालून पातळ वाटण करणं बरं पडतं. त्यात विष सारखं मिसळतंही छान.

दळताना मास्क आणि हातमोजे घाला. विष धुळीबरोबर उडतं. दोन नमुन्यांच्या मध्ये जातं झाडून घ्या आणि पुढच्या नमुन्याचा थोडा माल दळून फेकून द्या. विषाच्या संपर्कात आलेली भांडी आणि ओटा सोडियम हायपोक्लोराइटने पुसावा. अफ्लाटॉक्सिनची द्रावणं उजेडात खराब होतात, त्यांना तपकिरी काचेच्या कुप्या वापरा.

पायरी ५: चाचणी निवडा

ट्रक दारात उभा आहे आणि माल उतरवायचा की परत पाठवायचा एवढंच ठरवायचं असेल, तर पट्टी चाचणी, म्हणजे अर्कात बुडवून रेघ पाहायची पट्टी, पुरते. बरेच नमुने रोज तपासायचे असतील तर एलायझा, म्हणजे विषाला नेमकं पकडणाऱ्या प्रतिपिंडांच्या मदतीने रंगावरून मोजणारी चाचणी. दोन्हीत एक मेख आहे. किट ज्या मालासाठी पडताळलेलं असतं त्याच मालासाठी ते खरं. मक्यासाठीचं किट मिश्र पशुखाद्यावर वापरलं तर रंग, तेल आणि इतर घटक मध्ये येऊन आकडा वर-खाली होतो.

कायदेशीर किंवा व्यापारी वाद असेल तर प्रतिपिंडांच्या स्तंभातून अर्क शुद्ध करून एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजणी करावी, किंवा एलसी-एमएस/एमएसवर (वेगळे केलेले घटक वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र). हे दुसरं यंत्र एका वेळी अनेक विषं मोजतं, पण मालातले इतर घटक त्याचा संकेत दाबतात किंवा फुगवतात. विद्यार्थ्यांनी इथे समस्थानिकांनी चिन्हांकित केलेली अंतर्गत मानकं, म्हणजे त्याच विषाचे ठरावीक प्रमाणात मिसळलेले जड रेणू, वापरावीत. ती परवडत नसतील तर निदान त्याच प्रकारच्या निर्मळ मालाच्या अर्कात मानक रेषा (ज्ञात प्रमाण आणि यंत्राचा संकेत यांचा आलेख) काढावी. शुद्ध द्रावकात काढलेल्या रेषेवर पशुखाद्याचे आकडे वाचू नयेत.

पायरी ६: अहवाल नीट वाचा

पहिल्यांदा एकक बघा. अफ्लाटॉक्सिन पीपीबीमध्ये लिहितात, डॉन आणि फ्युमोनिसिन बऱ्याचदा पीपीएममध्ये, म्हणजे प्रतिकिलो मिलिग्रॅममध्ये. दोन्हींत हजारपटीचा फरक आहे, आणि ही चूक शिकलेली माणसंही करतात.

'आढळले नाही' याचा अर्थ शून्य नव्हे, त्या पद्धतीला पकडता येईल त्यापेक्षा कमी एवढाच. पद्धतीची शोधमर्यादा १० पीपीबी असेल आणि तुमची मर्यादा ५ असेल, तर तो अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही. मग प्रतिप्राप्ती बघा. मुद्दाम मिसळलेल्या विषापैकी किती टक्के पद्धतीने परत मिळालं, तो हा आकडा. प्रतिप्राप्ती ८० टक्के आणि वाचन ८ पीपीबी असेल तर दुरुस्त उत्तर १० येतं. दुरुस्ती केली आहे की नाही, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. अनिश्चितताही विचारा. १८ अधिक-उणे ४ हा आकडा २० च्या मर्यादेत बसतो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ओलाव्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. युरोपीय संघाच्या पशुखाद्य मर्यादा १२ टक्के ओलावा धरून लिहिलेल्या आहेत. ३५ टक्के कोरडा अंश असलेल्या मुरघासात जसाच्या तसा ८ पीपीबी निघाला, तर ८८ टक्के कोरड्या अंशावर तो २० होतो. आठ वाचून निश्चिंत झालेल्या माणसाला मर्यादेशी ताडून बघायचा आकडा प्रत्यक्षात अडीचपट असतो.

शिवाय झाकलेली विषं आहेत. वनस्पती डॉनला ग्लुकोज जोडून ठेवते. नेहमीच्या चाचणीला ते दिसत नाही, आणि आतड्यातले जिवाणू तो ग्लुकोज सोडवतात. खाद्यात डॉन कमी आणि डुकरं तरी खात नाहीत, अशी तक्रार असेल तर प्रयोगशाळेला डॉन-३-ग्लुकोसाइडबद्दल विचारा.

पायरी ७: लॉटचं काय करायचं

अफ्लाटॉक्सिनसाठी चांगल्या मालात मिसळून सरासरी खाली आणण्याचा मार्ग सगळ्यांना सुचतो. युरोपीय संघात मर्यादेवरचा माल असा मिसळायला सरळ बंदी आहे. मी तर म्हणेन की बंदी नसेल तिथेही हे करू नका, कारण वरचा शेंगदाण्याचा हिशेब मिसळल्यावरही बदलत नाही. दूषित दाणे तसेच राहतात, फक्त सापडायला अवघड होतात.

निवडणं मात्र उपयोगी. फुटलेले, सुरकुतलेले, रंग गेलेले दाणे आणि बारीक भुगा काढला की विषाचा मोठा वाटा त्याबरोबर जातो. काढलेला कचरा जनावरांना घालणं म्हणजे गाळून घट्ट केलेलं विष घालणं. असंच काहीसं इथेनॉल कारखान्यातल्या चोथ्याचं होतं: मक्यातला स्टार्च निघून जातो आणि विष उरलेल्या मालात जवळपास तिप्पट दाट होतं.

विष बांधणाऱ्या पावडरींची जाहिरात सगळ्या विषांवर चालतात अशी असते. बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिनला चांगली धरते, हे खरं. अफ्लाटॉक्सिनचा रेणू सपाट असतो आणि मातीच्या थरांत शिरतो. डॉनच्या बाबतीत तीच माती जवळजवळ निकामी. फ्युमोनिसिन आणि डॉनसाठी त्यांना मोडणारी विकरं किंवा सूक्ष्मजीव वापरतात. कुणी एकच पावडर सगळ्यावर देत असेल, तर जनावरांवर झालेल्या चाचणीचे आकडे मागा. परीक्षानळीत ९० टक्के विष धरणारा पदार्थ पोटात किती धरतो, हा वेगळा प्रश्न आहे.

पायरी ८: खाद्य आधीच पोटात गेलं असेल तर

दुभत्या गायीने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन बी१ यकृतात बदलून एम१ या रूपात दुधात उतरतं. प्रमाण साधारण १ ते २ टक्के, जास्त दूध देणाऱ्या गायींत ६ टक्क्यांपर्यंत. कागद घ्या. १० किलो खाद्य, २० पीपीबी, म्हणजे रोज २०० मायक्रोग्रॅम. त्यातले २ टक्के, ४ मायक्रोग्रॅम, २० लिटर दुधात आले तर लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम. कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणारी संस्था) आणि अमेरिकेची मर्यादा ०.५ आहे, तिथे हे दूध पास. युरोपीय संघाची ०.०५, तिथे चौपट नापास. तेच खाद्य ५ पीपीबीचं असतं तर उत्तर बरोबर ०.०५ आलं असतं. दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी युरोपने ५ ची मर्यादा का धरली, हे या हिशेबावरून लक्षात येतं.

एम१ दुधात एका दिवसाच्या आत दिसू लागतं आणि खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत खाली येतं. म्हणून संशय येताच खाद्य बदला, ते दूध वेगळं ठेवा आणि चौथ्या दिवशी पुन्हा तपासा. उकळून किंवा पाश्चरीकरण करून एम१ जात नाही. चीज केलं तर ते प्रथिनांना चिकटून आणखी दाट होतं.

संशोधन वाचणाऱ्यांसाठी

'जगातलं २५ टक्के पीक बुरशीच्या विषाने दूषित' हे वाक्य अनेक शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात असतं. २०२० मध्ये झालेल्या एका फेरतपासणीत दिसलं की मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांपुरता तो आकडा साधारण जुळतो, पण थोडंफार तरी विष सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जातं. तेव्हा कोणताही टक्का वाचताना कशाचा टक्का, हे आधी शोधा. 'आढळले नाही' अशा नमुन्यांना सरासरीत शून्य धरलं की शोधमर्यादेच्या निम्मं, तेही बघा. आणि पद्धती विभागात नमुना किती किलोचा व किती ठिकाणांहून घेतला हे लिहिलेलंच नसेल, तर पुढचे तक्ते वाचण्यात फार वेळ घालवू नका.

पायरी ९: पास झालेला लॉट

पास झालेला माल ओला राहिला तर पुढच्या महिन्यात नापास होऊ शकतो. मका १३ ते १४ टक्के ओलाव्याच्या आत, शेंगदाणा ७ ते ८ टक्क्यांच्या आत ठेवा. शेंगदाण्यात तेल जास्त, त्यामुळे तेवढंच पाणी त्यात बुरशीला जास्त सहज मिळतं. जल-सक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा पाण्याचं माप, मोजायचं साधन असेल तर ती ०.७० च्या खाली असल्याची खात्री करा. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. छपराखाली दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या जागेत पाणी एका थरातून दुसऱ्या थरात सरकतं आणि वरचा थर ओला होतो. कीड लागली की ती स्वतः ओलावा आणि उष्णता तयार करते. हवाबंद पिशव्यांत कीड गुदमरते, पण त्यात माल भरण्याआधी तो वाळलेलाच हवा.

लांब साठवणीचा लॉट बाहेर काढताना पुन्हा नमुना घ्या, पायरी ३ प्रमाणेच, आणि आधीच्या राखीव नमुन्याबरोबर एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासून घ्या. नव्या आकड्यातली वाढ नमुन्याच्या नेहमीच्या चढउतारात बसत नसेल, तर घोळ साठवणीत झाला आहे. राखीव नमुन्यातही तेवढंच विष निघालं, तर खरेदीच्या वेळी ते हुकलं होतं, मग जुन्या नोंदीत उपनमुने किती घेतले होते ते आधी बघा.